एकशे चौदा अर्थ

सोमवारी सकाळी छापखान्यातून प्रुफं आली आणि पहिला चहा यायच्या आत इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत सगळ्यांना कळलं, की मास्तरांच्या शब्दात चूक निघाली.

शब्द होता इंग्रजीतला ‘रन’. त्याचे एकशे चौदा अर्थ छापायला गेले होते. त्यांतला अडतिसावा, एकाहत्तरावा आणि एकशे तिसरा अर्थ एकच होता. वाक्यरचना थोडी पुढेमागे, पण सांगणं तेच: विणलेल्या कापडाचा टाका सुटून ते ओळीने उसवत जाणे. छापखान्याच्या प्रूफरीडरने समासात पेन्सिलीने विचारलं होतं, ‘तीन वेळा का?’

दुसऱ्या कुणाच्या शब्दात हे झालं असतं तर दोन दिवस थट्टा होऊन विषय संपला असता. मास्तरांच्या शब्दात होणं म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. शाळेतली नोकरी सोडून ते कोशात आले त्याला एकतीस वर्षं झाली होती. पाठीमागे त्यांना सगळे ‘कात्री’ म्हणत. इतरांनी हौसेने फोडून ठेवलेले अर्थ ते कापत, जुळवत, निम्म्यावर आणत. ‘पाणी दहा भांड्यांत ओतलं म्हणून दहा प्रकारचं होत नाही,’ हे त्यांचं वाक्य नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे.

‘रन’ त्यांच्याकडे आला तो त्याला दुसरं कुणी हात लावेना म्हणून. फार आडदांड शब्द. माणूस पळतो तेही रन आणि नळ वाहतो तेही. दुकान चालवणं, निवडणुकीला उभं राहणं, बातमी छापून येणं, बँकेच्या दारात ठेवीदारांची झुंबड उडणं, घराण्यात एखादा आजार उतरत येणं, क्रिकेटमधली धाव, सगळं त्यातच. सहा हजारांवर चिठ्ठ्या जमल्या होत्या. पोस्टकार्डाच्या मापाच्या या चिठ्ठ्यांवर मधोमध कुठल्यातरी पुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला वापर लिहिलेला असे, खाली कोपऱ्यात तारीख आणि लिहिणाऱ्याची सही. मास्तर त्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडत, सारख्या अर्थाच्या एकत्र करत, दोऱ्याने बांधत आणि प्रत्येक गठ्ठ्यावर अर्थाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून ठेवत: वर व्याख्या, खाली एक उदाहरण. वापर बाहेरचाच हवा; उदाहरण मात्र घरचं चालेल, असा कोशाचा नियम होता.

मग ते गठ्ठे मुंगीच्या टेबलावर जात. मुंगी ही त्यांची सहायक. बारीक, अबोल, दिवसभर चिठ्ठ्यांची ने-आण करणारी. नाव आपोआप पडलं होतं. ती अर्थांच्या चिठ्ठ्या क्रमाने वहीत उतरवी आणि वही छापखान्यात जाई.

“मुंगी, इकडे ये,” मास्तर म्हणाले. “हे काय आहे?”

तिने प्रूफ वाचलं. “अडतीस, एकाहत्तर, एकशे तीन.”

“आकडे मलाही वाचता येतात. वही कोण लिहितं?”

“मी.”

“मग?”

“माझ्याकडून राहिलं, मास्तर.”

“राहिलं? राहतं ते कमी पडतं. हे जास्त झालंय.”

खिडकीजवळच्या टाइपिस्ट बाईंनी मान वर न करता म्हटलं, “अहो मास्तर, एवढा भारा वाहते ती. मुंगीने साखरेचे दोन कण जास्त नेले म्हणून वारूळ कोसळतं का?”

“बाई, तुम्ही टाइप करा.”

“करतेच आहे. तोंड आणि बोटं वेगवेगळी दिलीत देवाने.”

मास्तरांनी तिन्ही गठ्ठे मागवले. तिन्हींवर अर्थाची चिठ्ठी होती, उदाहरण साधंच, स्वेटर उसवण्याचं, आणि तिन्हींवर त्यांची सही. त्यांनी त्या उजेडात धरल्या, चष्मा काढून पाहिल्या, लावून पाहिल्या. यांतली एक लिहिल्याचं त्यांना नक्की आठवत होतं. बाकीच्या दोन आपण लिहिलेल्या नाहीत, अशी त्यांची खात्री होती. चार वर्षं त्यांचं अक्षर उतरवून उतरवून मुंगीचं अक्षर हुबेहूब त्यांच्यासारखं झालं होतं. हजेरीपटावर मास्तर रजेवर असतानाही हजर दिसतील, अशी बाईंची जुनी थट्टा होती.

ते उठले आणि संपादकांच्या खोलीत गेले. संपादक एकेकाळी शाळेत त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत. आता चारचौघांत मास्तर त्यांना साहेब म्हणत.

“साहेब, अक्षर माझ्यासारखं आहे. माझं नाही. गठ्ठे हाताळताना मुंगीचा घोटाळा झाला असणार आणि तो झाकायला तिने माझ्या सहीने चिठ्ठ्या लिहिल्या.”

कोशात खोट्या चिठ्ठीइतका मोठा गुन्हा नव्हता. एक निघाली की सहा हजारांवर संशय. साहेबांनी मुंगीला बोलावलं.

“तू लिहिल्यास?”

मुंगीने मास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“मला काही सांगायचं नाही, साहेब.”

तिची नेमणूक हंगामी होती, दर सहा महिन्यांनी पुढे चालू होणारी. मुदत शुक्रवारी संपत होती. ती पुढे चालू होणार नाही आणि कारण पत्रात लिहिलं जाईल, असं साहेबांनी सांगितलं. त्या कारणाचं पत्र घेऊन दुसऱ्या कुठल्या प्रकाशकाच्या दारात उभंही राहता येणार नव्हतं. तिच्या घरी आजारी आई होती आणि मिळवणारी ती एकटी. बाईंनी त्या दिवशी मास्तरांना चहा विचारला नाही.

मंगळवारी मुंगीला कोठीच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं लावायला पाठवलं. मास्तर एकशे चौदा गठ्ठे पुन्हा तपासायला बसले. दुपारी चारच्या सुमारास दोरा संपला. रीळ मुंगीच्या खणात असे. त्यांनी तो उघडला. रिळाच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं.

आत अर्थांच्या चिठ्ठ्या होत्या. त्रेचाळीस. सवयीने त्यांच्या हातांनी त्या टेबलावर मांडल्या, सारख्या एकत्र केल्या. नळ वाहण्याच्या सहा निघाल्या. नाटकाचे प्रयोग सलग होत राहण्याच्या चार. कापड उसवण्याच्या नऊ. पहिली गेल्या मार्चातली, शेवटची बारा दिवसांपूर्वीची. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने, बारीक, मुंगीच्या स्वतःच्या जुन्या अक्षरात एकच शब्द आणि तारीख: ‘काढली’.

फक्त एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकही ‘काढली’ नव्हतं. त्या आठवड्यात मुंगी आईला घेऊन इस्पितळात होती. परत आल्यावर साठलेले गठ्ठे तिने आधीच्यांशी ताडून न बघता, घाईने दोन दिवसांत वहीत उतरवले होते.

खोट्या चिठ्ठ्या करणारा माणूस त्या काढून खणात का ठेवील, हे मास्तरांना कळेना. मग त्यांनी नऊ चिठ्ठ्यांवरचं उदाहरण वाचलं. नऊही ठिकाणी एकच होतं: ‘मुलाला पाण्यातून वर काढले तेव्हा त्याचा मोजा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उसवत गेला होता.’

मास्तर अकरा वर्षांचे होते आणि धाकटा भाऊ सात. खाणीच्या डबक्यातून त्याला गळाने वर काढला होता. लोक चेहऱ्याकडे बघत होते. मास्तर मोज्याकडे बघत राहिले होते. साठ वर्षांत ही गोष्ट त्यांनी फक्त बायकोला सांगितली होती. कचेरीत त्यांना भाऊ होता हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा गुंडाळल्या, खण लावला आणि दोरा न घेताच घरी गेले.

बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. ते दारात उभे राहिले.

“ती मुंगी. आमच्या कचेरीतली. ओळखतेस तू तिला?”

“ओळखते म्हणजे? दोनदा येऊन गेली. त्या तुमच्याच खुर्चीत बसली होती.”

“कशाला?”

“तुम्ही आत झोपला होतात. म्हणाली, मास्तर एकच अर्थ परत परत लिहितात. मी म्हटलं, दूधही परत परत आणतात. आमच्याकडे मांजर नाही म्हणून, नाहीतर लठ्ठ झालं असतं.”

मास्तर हसले नाहीत. “मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. तीनदा.” तिने विळी आडवी केली. “पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. दुसऱ्यांदा रडलात. तिसऱ्यांदा म्हणालात, बरं झालं सांगितलंस, उद्याच साहेबांशी बोलतो. आज काय करताय ते बघते.”

ते वळून आत गेले. मग आतून एक कोरी चिठ्ठी आणली, ओट्यावरच ठेवून लिहिली आणि वाचून दाखवली: ‘उसवण्याचा अर्थ प्रत्येक वेळी मीच लिहिला. मुंगीने नाही. ती जादा चिठ्ठ्या काढत होती. आधार: तिच्या खणातले पुडके, स्वतः पाहिले. मी हे उद्या विसरेन. सकाळी साहेबांना सांगणे.’ खाली तारीख घातली, सही केली. बायकोने ती उद्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशाला टाचणी लावली.

बुधवारी कचेरीचा जिना चढताना टाचणी त्यांच्या छातीला टोचली. त्यांनी चिठ्ठी काढली आणि जिन्यातच वाचली. यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. पुडकं नाही, खण नाही, बायकोशी बोलणं नाही. मुंगीवरचा राग तेवढा जसाच्या तसा होता. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मजकूर, आधार, तारीख, सही. सगळं जागच्या जागी होतं. अशा चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवूनच त्यांनी एकतीस वर्षं काम केलं होतं. आता स्वतःचीच आहे म्हणून नाकारायची, हे नियमात बसत नव्हतं. त्यांनी आधी जाऊन मुंगीचा खण उघडला. पुडकं होतं. ते घेऊन ते साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

साहेबांनी चिठ्ठी वाचली, पुडकं चाळलं आणि खुर्चीत मागे टेकले.

“मास्तर, पोरगी रडली का तुमच्यापुढे?”

“नाही. तिने तोंड उघडलेलं नाही.”

“तुमचं मन मोठं आहे. पण हे पुडकंही तिचंच. सोमवारी तुम्हीच सांगितलंत, ती तुमच्यासारखं अक्षर काढते.”

“ते उदाहरण बघ. तो माझा भाऊ आहे. तिला ठाऊक असणं शक्य नाही.”

“ती तुमच्या घरी जाते?”

मास्तरांनी चिठ्ठीकडे पाहिलं. त्यात तसं काही नव्हतं. “माहीत नाही.”

“जात असेल. काकूंनी बोलता बोलता सांगितलं असेल.” साहेबांनी आवाज खाली आणला. “कालपर्यंत तुम्ही माझी वाक्यं दुरुस्त करत होता. तुम्हाला काही झालंय हे मी कसं मानू?”

सोमवारी मास्तरांनी विणलेला आरोप पक्का होता. त्यांनाच त्यातून वाट सापडेना.

“मग परीक्षा घे,” ते म्हणाले. “माझे काही जुने गठ्ठे काढ. वरच्या अर्थाच्या चिठ्ठ्या काढून टाक, बाकीच्या पिस आणि मला दे.”

साहेबांनी हिवाळ्यातले सहा गठ्ठे काढले आणि मिळून साठ चिठ्ठ्या एकत्र पिसल्या. मास्तर समोरच बसले. दीड तासात त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या लावल्या. हिवाळ्यात त्यांनी सहा अर्थ केले होते. तेच सहा पुन्हा निघाले, जवळजवळ त्याच शब्दांत. शिवाय तीन चिठ्ठ्या बाजूला काढून त्यांनी सातवा लिहिला: ‘धुताना एका कपड्याचा रंग सुटून दुसऱ्याला लागणे.’ हिवाळ्यात तो त्यांच्या नजरेतून सुटला होता.

“बघा,” साहेब म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं. “नजर उलट धारदार झालीय. झालं समाधान?”

“नाही. परीक्षा चुकली. मला अर्थ कळतो की नाही हे तू पाहिलंस. तो कळतोच. म्हणून तर परत परत लिहितो. उद्या हाच गठ्ठा पिसून माझ्या टेबलावर ठेव. काल केला होता हे सांगायचं नाही. कुणीच नाही. आणि माझ्या खिशातली ती चिठ्ठी मला परत द्यायची नाही.”

“मास्तर, हा छळ आहे.”

“पोरीच्या पत्रात जे लिहिणार आहेस ते काय आहे?” ते उठले. “उद्या मला आठवलं तर तू खरा. परवा तिला खुशाल काढ. नाही आठवलं, तर तिला ठेव आणि माझं काय करायचं ते तुझं तू बघ. शब्द दे.”

साहेबांनी शब्द दिला. मास्तरांनी हात पुढे केला, तो साहेबांनी शाळेतल्यासारखा दोन्ही हातांत धरला.

गुरुवारी ऊन छान पडलं होतं. मास्तर वेळेआधी दहा मिनिटं आले. काल साहेबांशी बसून बराच वेळ काम झालं आणि चांगलं झालं, इतकं त्यांना आठवत होतं. कसलं काम ते नेमकं आठवत नव्हतं, पण मन हलकं होतं. टेबलावर एक सुटा गठ्ठा होता. मुंगी कोठीतून परत आपल्या जागेवर येऊन बसली होती. साहेब बाहेरच्या खोलीत कपाटाशी उभं राहून फायली उलटत होते, ते काम ते एरवी शिपायाला सांगत. बाईंचं यंत्र अजून सुरू झालं नव्हतं.

“बाई, आज संप आहे का?”

“रिबन बदलतेय,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी चिठ्ठ्या मांडायला घेतल्या. गठ्ठा कुणी आधी हाताळला होता हे कडांवरून दिसत होतं, पण लावलेला नव्हता. अर्थ एकेक करून वर आले. सहा झाले. आणि मग तीन चिठ्ठ्या उरल्या, ज्या कुठेच बसत नव्हत्या. एक धोब्याच्या जाहिरातीतली, एक कादंबरीतली, एक कुणाच्या पत्रातली. त्यांनी त्या वाहण्याच्या गठ्ठ्यावर ठेवून पाहिल्या, बसल्या नाहीत. पसरण्याच्या गठ्ठ्यावर ठेवल्या, बसल्या नाहीत. मग त्यांना तो दिसला. इतक्या वर्षांनीही असं काही दिसलं, की त्यांच्या मानेवर काटा येई. इतके लोक रोज तो शब्द वापरतात आणि कुणी थांबून बघितलं नाही. त्यांनी कोरी चिठ्ठी ओढली आणि एकटाकी लिहिलं: ‘धुताना एका कपड्याचा रंग सुटून दुसऱ्यावर उतरणे.’

मुंगीवर आपण कशावरून तरी रागावलो होतो, हे त्यांना आठवलं. पण असल्या वेळी राग धरवत नाही.

“मुंगी, ये. हे बघ. हा कुणालाच दिसला नव्हता.”

मुंगी आली. तिने चिठ्ठी दोन्ही हातांत धरून वाचली. वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ तिने ती धरून ठेवली.

“छान आहे, मास्तर.”

साहेब कपाटापासून टेबलापर्यंत आले. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. मुंगीच्या हातातली चिठ्ठी घेऊन त्यांनी दोन्ही शेजारीशेजारी टेबलावर ठेवल्या. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मास्तरांनी दोन्ही वाचल्या. तेच कापड, तोच रंग, तेच अक्षर. एकीवर कालची तारीख होती, एकीवर आजची.

“कालची सैल आहे,” ते म्हणाले. “‘लागणे’ नको. लागायला काय, चिखलही लागतो. ‘उतरणे’ बरोबर आहे. आजची ठेवा.” मग त्यांच्या कपाळावर आठी चढली. “पण ही कालची लिहिली कुणी?”

साहेबांनी तोंड उघडलं. शब्द फुटेपर्यंत मुंगी बोलून गेली.

“मी, मास्तर.”

“माझ्या सहीने?”

“हो.”

साहेब तिच्याकडे बघत राहिले. तिने मान हलवून त्यांना गप्प केलं.

मास्तरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. आपण या पोरीला काहीतरी कडक बोलायला हवं, हे त्यांना समजत होतं. पण चूक असली तरी व्याख्या वाईट नव्हती. नजर होती पोरीला.

“साहेब,” ते म्हणाले, “एवढ्या वेळी हिला माफ करा. चूक मोठी आहे, मान्य. पण कामाची आहे ती. मी समजावतो तिला.”

“काढत नाही तिला,” साहेब म्हणाले. “कोशाचं हे सगळं काम आता तिच्याकडेच राहील.”

“इतकंही नको. अजून कच्ची आहे.” मास्तरांनी चष्मा चढवला आणि दोऱ्याचं रीळ शोधायला टेबलावर हात फिरवू लागले. “दोनेक वर्षं बसू दे माझ्याजवळ.”